कॅनडातली धर्मादाय फाउंडेशन्स उत्तरेकडच्या वस्त्यांना आणि गोड्या पाण्याच्या धोरणाला नेमकी काय मदत करतात?

तुम्ही पुढे असंही विचारलंय की देणगीतून विहीर होते, शाळा होते, पण धोरण कसं होतं? मी कॅनडाच्या वायव्य प्रदेशात, फोर्ट स्मिथला तीन वर्षं राहिले आहे. तिथे जे पाहिलं त्यावरून सांगते.

आधी भूगोल, कारण सगळं त्यावर अडतं. पीस आणि अथाबास्का या नद्यांचं पाणी स्लेव्ह नदीत येतं. ती ग्रेट स्लेव्ह सरोवराला मिळते आणि तिथून मॅकेंझी निघून आर्क्टिक समुद्राला जाते. हे खोरं सुमारे 18 लाख चौरस किलोमीटरचं, म्हणजे कॅनडाचा जवळजवळ पाचवा हिस्सा. पीसवर 1968 मध्ये बेनेट धरण झालं, अथाबास्काच्या काठावर तेलवाळूच्या, म्हणजे तेल मिसळलेल्या वाळूच्या, खाणी आहेत. धरण ब्रिटिश कोलंबियात, खाणी अल्बर्टात आणि पाणी पिणारे, मासे खाणारे लोक खाली उत्तरेत. माझं माहेर पैठणचं. वरच्या धरणांतून पाणी किती सुटणार याची वाट बघणं म्हणजे काय, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

खालच्या माणसाची पहिली अडचण असते पुराव्याची. ‘पाणी पूर्वीसारखं राहिलं नाही’ असं म्हातारी माणसं सांगतात, पण वाटाघाटीच्या टेबलावर आकडे मागतात. एका सप्टेंबरात मी पाण्याचे नमुने घेणाऱ्या एका देने (तिथला एक आदिवासी समाज) बाईंबरोबर बोटीतून गेले होते. त्यांनी मोटर बंद केली, प्रवाहाकडे तोंड केलं, बाटली नदीच्याच पाण्याने तीनदा खंगाळली आणि मग भरली. तापमान, गढूळपणा, विरघळलेला ऑक्सिजन, सगळं पेन्सिलीने लिहिलं, कारण थंडीत पेन चालत नाही. त्यांची आजी याच जागी ओंजळीने पाणी प्यायची. त्या स्वतः पिण्याच्या पाण्याची बाटली घरून घेऊन आल्या होत्या.

असे आकडे पूर्वी कुठल्यातरी कचेरीच्या फायलीत जाऊन बसायचे. इथे गॉर्डन फाउंडेशनचं काम मला फार मोलाचं वाटतं. कॅनडाचे माजी अर्थमंत्री वॉल्टर गॉर्डन, त्यांच्या पत्नी एलिझाबेथ आणि भाऊ डंकन यांनी ते 1965 मध्ये सुरू केलं. वायव्य प्रदेशाच्या सरकारला बरोबर घेऊन त्यांनी ‘मॅकेंझी डेटास्ट्रीम’ उभं केलं. वस्त्यांनी गोळा केलेली पाण्याची माहिती तिथे कुणालाही फुकट बघता येते, उतरवून घेता येते. पुढे ते देशातल्या इतर खोऱ्यांत पसरलं आणि डेटास्ट्रीम आता स्वतंत्र संस्था आहे. याच फाउंडेशनची, गॉर्डन यांच्या कन्या जेन ग्लासको यांच्या नावाची, फेलोशिपही आहे. उत्तरेतली तरुण मंडळी त्यात आपल्या भागाच्या प्रश्नांवर स्वतः धोरणाची टिपणं लिहितात. दक्षिणेतून तज्ज्ञ पाठवायचा नाही, तिथलाच माणूस तयार करायचा. मला हीच खरी मदत वाटते.

आता धोरणाकडे. वायव्य प्रदेशाने 2010 मध्ये आपली जलनीती आणली आणि 2015 मध्ये अल्बर्टाशी सामायिक पाण्याचा करार केला. हे फाउंडेशनांनी घडवलं असं मी म्हणणार नाही. ते सरकारांचं आणि आदिवासी समाजांच्या चिवटपणाचं काम आहे. फाउंडेशन अभ्यास करवून घेतं, लोकांच्या प्रवासाचा आणि बैठकांचा खर्च उचलतं. उत्तरेत रस्ताच नसलेली गावं आहेत, एका बैठकीला विमानाने यावं लागतं. कायद्याचीही बाजू आहे. कॅनडात धर्मादाय संस्थेला पक्षीय राजकारण पूर्ण बंद आहे, पण धोरणावर बोलण्याची जुनी मर्यादा 2018 मध्ये निघाली.

नळाच्या पाण्याचा प्रश्न मात्र देणगीने सुटायचा नाही. उत्तर ऑन्टारिओतल्या नेस्कँटागा वस्तीत 1995 मध्ये पाणी उकळून पिण्याची सूचना लागली आणि पंचवीस वर्षं उलटली तरी उठली नाही. ती जबाबदारी सरकारची आहे आणि सरकारला तिच्यातून मोकळं करू नये.

पैसा कसा द्यावा हे बघायचं असेल तर लुत्सेल के हे गाव बघा. ग्रेट स्लेव्ह सरोवराच्या पूर्व टोकाला, जेमतेम तीनशे माणसांचं. 1970 मध्ये सरकारने तिथे राष्ट्रीय उद्यान करायचं म्हटलं, तेव्हा गावाच्या प्रमुखाने सही केली नाही. पुढे गावकऱ्यांनीच आपल्या अटींवर ते घडवून आणलं. 2019 मध्ये ‘थायदेने नेने’ हे सुमारे 26,000 चौरस किलोमीटरचं क्षेत्र संरक्षित झालं. त्यासाठी 3 कोटी डॉलरची गंगाजळी आहे, निम्मी खासगी देणगीदारांची, निम्मी केंद्र सरकारची. वर्षभराच्या अनुदानाचं काय होतं तेही मी पाहिलंय. माणूस शिकून तयार होतो आणि मार्चमध्ये त्याचा पगार थांबतो. लुत्सेल के गावाला गंगाजळी हातची आहे, कारभारात गावाचा शब्द आहे. गावातले राखणदार बोटी घेऊन सरोवरावर फिरतात, जाळी बघतात, पाहुण्यांना भेटतात. उद्यान व्हायच्या कितीतरी आधी, 2008 पासून, ते हेच करत आले आहेत.