आधी वाचता तर येऊ द्या : वेबसाइट आणि शोध, वाचकांचे प्रश्न

या अंकासाठी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा आहे: ‘गुगलवर वर कसं यायचं?’ तपशील वाचले की मात्र अडचण निराळीच निघते. पान सर्च इंजिनपर्यंत पोचलेलंच नसतं, किंवा पोचूनही त्याला वाचता आलेलं नसतं. म्हणून उत्तरांची सुरुवात तिथून केली आहे.

प्रश्न : आमची हापूसची बाग आहे. दोन महिन्यांपूर्वी वर्डप्रेसवर साइट करून घेतली. बागेचं पूर्ण नाव टाइप केलं तरी ती गुगलवर येत नाही. एकाने महिना पंधरा हजारांचं एसइओ, म्हणजे साइट शोधात वर आणून देण्याचं, पॅकेज सुचवलं आहे. घ्यावं का?
— बागायतदार, देवगड

आत्ता घेऊ नका. स्वतःच्या नावानेसुद्धा साइट येत नसेल, तर बहुधा ती गुगलच्या नोंदीतच गेलेली नाही. तिथे क्रमांक वर नेण्याचा प्रश्नच येत नाही. याची तपासणी तुम्हाला घरबसल्या अर्ध्या तासात करता येईल.

वर्डप्रेसमध्ये ‘सेटिंग्ज’, त्यात ‘रीडिंग’ उघडा. अगदी तळाशी ‘डिस्करेज सर्च इंजिन्स फ्रॉम इंडेक्सिंग धिस साइट’ अशी चौकट आहे. साइट तयार होत असताना करणारा तिथे टिक करून ठेवतो, ते बरोबरच असतं. सोपवताना ती काढायची राहून जाते. टिक असेपर्यंत प्रत्येक पानात ‘नोइंडेक्स’, म्हणजे ‘नोंदीत घेऊ नका’, ही सूचना जाते आणि गुगल ती निमूट पाळतं. टिक काढा आणि सेव्ह करा.

मग गुगल सर्च कन्सोल. साइट शोधात कशी दिसते ते दाखवणारं गुगलचं हे साधन फुकट आहे. त्यात तुमचं डोमेन, म्हणजे साइटचा मूळ पत्ता, जोडा. मालकी सिद्ध करायला एक टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे मजकुराची एक ओळ, मिळतो, तो जिथून डोमेन घेतलं तिथल्या डीएनएस सेटिंगमध्ये, म्हणजे डोमेनच्या तांत्रिक नोंदींत, चिकटवायचा. हे खातं स्वतःच्या ईमेलवरच उघडा. साइट करणाऱ्याच्या ईमेलवर उघडलं आणि पुढे त्याचं-तुमचं बिनसलं, तर सगळी माहिती त्याच्याकडे राहते. आत गेल्यावर वरच्या पट्टीत मुखपृष्ठाचा पत्ता टाका. पान नोंदीत आहे की नाही आणि नसल्यास का, ते तिथे लिहून येतं. कारण दूर केल्यावर ‘रिक्वेस्ट इंडेक्सिंग’ दाबा आणि साइटमॅप, म्हणजे साइटवरच्या पानांची यादीही द्या. वर्डप्रेस 5.5 पासून तो आपोआप तयार होतो.

एका गोष्टीत भले भले फसतात. ‘रोबोट्स’ फाइलमध्ये, म्हणजे सर्च इंजिनांना कुठे जायचं नाही ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, एखाद्या पानाला मज्जाव केला, तर गुगल ते पान उघडतच नाही; मग आत लिहिलेला ‘नोइंडेक्स’ त्याला दिसणार कसा? त्यामुळे पान शोधातून काढायचं असेल तर दार उघडं ठेवून आत ‘नोइंडेक्स’ लावा. दोन्ही एकदम लावलं, तर दुसरीकडच्या दुव्यांवरून नुसता पत्ता निकालांत येत राहू शकतो.

कन्सोलमध्ये ‘डिस्कव्हर्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड’ दिसलं, तर पत्ता कळलाय, वाचन व्हायचंय, थांबा. ‘क्रॉल्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड’ दिसलं, तर पान वाचलं, पण ठेवलं नाही. याचं नेहमीचं कारण म्हणजे ‘हापूस पुणे’, ‘हापूस नाशिक’, ‘हापूस ठाणे’ अशी गावाचं नाव तेवढं बदललेली पानं. ती एकत्र करून एकच भक्कम पान करा: पेटीत किती डझन, फळाचं वजन, पिकवण्याची पद्धत, कोणत्या शहरात किती दिवसांत पोचतं, फळ खराब निघालं तर काय.

आणि जूनमध्ये हंगाम संपला की हे पान उडवू नका. पत्त्यात सालही घालू नका. तेच पान ठेवून ‘पुढच्या हंगामाची नोंदणी’ असा मजकूर लावा, म्हणजे त्याने कमावलेली ओळख मार्चमध्ये पुन्हा कामाला येते.

प्रश्न : आमचं छोटं मासिक आहे. पंचवीस वर्षांचे अंक साइटवर ठेवले आहेत, काही पीडीएफ, काही जुन्या फाँटमधली पानं. लेखाचं नाव जसंच्या तसं टाकलं तरी सापडत नाही. असं का?
— संपादक, सातारा

कारण ते तुम्हाला मराठी दिसतं, पण यंत्राच्या लेखी ते मराठी नाही. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधीच्या फाँटांत देवनागरी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेली असत. कृतिदेवमध्ये ‘भारत’ असं दिसतं, तेव्हा फाइलमध्ये एच, के, के, जे, आर ही पाच रोमन अक्षरं असतात. वाचक शोधतो तो खरा ‘भारत’. दोन्हींची गाठ पडायची कशी? शिवाजी फाँटमध्ये किंवा श्रीलिपीच्या जुन्या फाँटांत अक्षरांची जुळणी वेगळी, पण अडचण हीच.

तपासायला सोपं आहे. पीडीएफमधली एक ओळ निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. तीन गोष्टी घडू शकतात. ओळ निवडताच आली नाही, तर ते स्कॅन म्हणजे फोटो आहे. रोमन अक्षरांचा काला आला, तर जुना फाँट. मराठी आलं पण वेलांट्या नि जोडाक्षरं इकडे-तिकडे झालेली, तर मजकूर युनिकोडमध्ये जुळवलाय, पीडीएफ बनताना विस्कटलाय. तिन्हींवर उपाय एकच: मजकूर पीडीएफबाहेर काढून साध्या वेबपानावर आणणं.

जुन्या फाँटचं युनिकोडमध्ये रूपांतर करणारी साधनं आहेत, पण आपल्या फाँटचं नेमकं नाव पाहून साधन निवडा आणि आउटपुट डोळ्यांखालून घाला. चुका ठरावीक ठिकाणी होतात. जुन्या पद्धतीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफार जुन्या पद्धतीत अक्षरानंतर येतो, युनिकोडमध्ये ‘र्’ आधी. त्यामुळे ‘मार्मिक’, ‘वार्षिक’ असे रफार आणि वेलांटी एकत्र आलेले शब्द हमखास मोडतात. ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’मधला अर्धा र, ‘ळ’ची जोडाक्षरं आणि ‘ॲ’ही वेगळे तपासा. ‘ॲ’ हे एकसंध अक्षर म्हणून आणि ‘अ’वर चंद्र देऊन, असं दोन प्रकारे लिहिलं जातं. दिसायला सारखंच, आत वेगळं. सगळीकडे एकच रूप ठेवा, नाहीतर साइटवरच्या शोधपेटीतही निम्मे लेख हाती लागणार नाहीत.

पंचवीस वर्षांचं काम एकदम होणार नाही. ज्या लेखांची वाचक फोन करून चौकशी करतात, तिथून सुरुवात करा. पूर्ण अंकाचं एक पान करू नका. प्रत्येक लेखाला स्वतःचं पान, त्यावर शीर्षक, लेखकाचं नाव, महिना आणि साल. मूळ पीडीएफ तळाशी दुव्याने द्या, पानाची शान ती टिकवते.

पत्त्यांकडेही लक्ष असू द्या. वर्डप्रेस शीर्षकावरून देवनागरी पत्ता बनवतं, पण आत त्याचं सांकेतिक रूप होतं. त्यात प्रत्येक अक्षर, काना, वेलांटी, हलन्त, एकेकाला नऊ जागा लागतात आणि मर्यादा आहे 200 जागांची. ‘कोकणातील कातळशिल्पे आणि त्यांचे जतन’ या शीर्षकाचा पत्ता ‘आणि’वर येऊन तुटतो. व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसते ती वेगळीच. गुगलला देवनागरी पत्ता चालतो, रोमनही चालतो, क्रमांकात त्याने फारसा फरक पडत नाही. ‘कातळशिल्पे-जतन’ इतका छोटा पत्ता हाताने द्या म्हणजे झालं. मात्र छापून गेलेले, लोकांनी दिलेले जुने पत्ते उगाच बदलू नका.

पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवा. गुगल भाषा मजकुरावरून ओळखतं, त्यासाठी ही नोंद लागत नाही. पण अंध वाचकांचं वाचन-सॉफ्टवेअर तिच्यावर चालतं, आणि चांगल्या फाँटांत ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात. मराठी मासिकाला एवढं तरी हवंच.

प्रश्न : ‘मेटा कीवर्ड’मध्ये किती शब्द भरावेत?
— विद्यार्थिनी, नांदेड

एकही नाही. हा पानाच्या कोडमधला, वाचकाला न दिसणारा शब्दांचा रकाना. गुगलने 2009 मध्येच जाहीर केलं, की क्रमांक लावताना ते हा रकाना पाहत नाही. तो वेळ शीर्षकाला द्या. प्रत्येक पानाचं शीर्षक वेगळं हवं आणि महत्त्वाचे शब्द आधी यायला हवेत, कारण लांब शीर्षक निकालांत कापलं जातं. पानाचा सारांश देणाऱ्या ‘मेटा डिस्क्रिप्शन’नेही क्रमांक वाढत नाही, पण निकालात दोन ओळी नीट दिसल्या की माणूस क्लिक करतो, म्हणून ते लिहा.

प्रश्न : आमचा होमस्टे आहे. साइट फोनवर फार हळू उघडते आणि ‘गुहागर होमस्टे’ शोधल्यावर चौथ्या पानावर येते. वेग वाढवला की क्रमांक सुधारेल का?
— वाचक, गुहागर

थोडासा. वेग मोजला जातो, पण पानावर काय लिहिलंय त्याचं वजन कितीतरी जास्त. तरी वेग सुधाराच, कारण समुद्राकाठी अधूनमधून रेंज जाणाऱ्या फोनवर तुमचा पाहुणा साइट उघडतोय.

पेजस्पीड इनसाइट्स या गुगलच्या वेग मोजणाऱ्या साधनावर पत्ता टाकून तीन आकडे पाहा. मुख्य मजकूर किंवा फोटो 2.5 सेकंदांच्या आत दिसावा, बोट लावल्यावर 200 मिलिसेकंदांत प्रतिसाद यावा, आणि पान उघडताना मजकूर उड्या मारण्याचा अंक 0.1च्या आत असावा. शंभरातल्या 75 भेटींत तरी हे जमलं पाहिजे.

होमस्टेच्या साइट अडतात त्या बहुतेक फोटोंवर. फोनमधला फोटो 4-5 एमबीचा नि 4000 पिक्सेल रुंद असतो, तो तसाच चढवलेला असतो. रुंदी 1200-1600 पिक्सेलवर आणा, वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात साठवा. बहुतेक फोटो 200 केबीच्या आसपास येतात. वरचा सरकता स्लायडर काढून एकच उत्तम फोटो ठेवा. ‘लेझी लोडिंग’, म्हणजे वाचक तिथवर आल्यावरच फोटो आणणं, खालच्या फोटोंना लावा, पहिल्याला नको, कारण नेमका तोच उशिरा येतो आणि पहिला आकडा बिघडतो. प्रत्येक फोटोची लांबी-रुंदी कोडमध्ये द्या, म्हणजे मजकूर उड्या मारत नाही. देवनागरी फाँट वजनाने जड असतात. साधा आणि ठळक, दोनच जाडी पुरे.

आता मजकूर. ‘निसर्गाच्या कुशीत घरगुती जेवण’ हे प्रत्येक साइटवर आहे. येणाऱ्याचे प्रश्न निराळे असतात: चिपळूण स्टेशनवर उतरलो तर पुढे कसं यायचं? दापोलीकडून दाभोळ–धोपावे फेरीबोटीने गाडी आणता येते का? व्याडेश्वर मंदिर घरापासून किती लांब? मासे रोज मिळतात की आदल्या दिवशी सांगावं लागतं? खोलीचा दर शनिवार-रविवारी किती? पावसाळ्यात चालू असतं का? याची नेमकी उत्तरं आकड्यांसह पानावर लिहा. दरपत्रक फोटोत नको, मजकुरात हवं. लोक रोमन लिपीतही शोधतात, तेव्हा घराचं नाव आणि ‘गुहागर’ रोमनमध्येही एकदा येऊ द्या. कन्सोलच्या ‘परफॉर्मन्स’ पानावर लोकांनी टाइप केलेले शब्द दिसतात. पुढचं काय लिहायचं ते तिथून ठरवा.

नकाशातल्या निकालांसाठी गुगल बिझनेस प्रोफाइल वेगळं भरावं लागतं. तिथे फलकावर आहे तेच नाव द्या. ‘बेस्ट एसी होमस्टे गुहागर बीच’ असे शब्द नावात कोंबणं नियमाविरुद्ध आहे आणि त्यापायी प्रोफाइल बंद होऊ शकतं.

प्रश्न : तीन हजार रुपयांत पाचशे बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणारे दुवे) आणि पहिल्या क्रमांकाची हमी, असा मेसेज आला. विश्वास ठेवावा का?
— दुकानदार, सोलापूर

नाही. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हे गुगलच सांगतं. दुसऱ्यांनी दिलेले दुवे म्हणजे शिफारस, या कल्पनेवरच 1998 मध्ये पेजरँक ही गुगलची क्रम लावण्याची पद्धत उभी राहिली, म्हणून दुव्यांचा बाजार सुरू झाला. 2012 मध्ये पेंग्विन नावाचा बदल त्याच्यावरच आला. आता विकतचे दुवे बहुतेक वेळा मोजलेच जात नाहीत, म्हणजे पैसे गेले. आणि प्रकरण ढळढळीत असेल तर हाताने कारवाई होते, ती कन्सोलच्या ‘मॅन्युअल ॲक्शन्स’मध्ये दिसते. ज्यांच्याकडून माल घेता ते उत्पादक, व्यापारी संघटना, तुम्ही मदत करता ती मंडळं यांच्या साइटवर दुकानाचं नाव असेल, तर तिथे दुवा मागा. असे पाच दुवे त्या पाचशेंना भारी आहेत.

प्रश्न : क्लासची साइट नव्या डोमेनवर नेली, पानंही नवी केली. महिन्याभरात येणारे निम्म्याहून कमी झाले.
— शिक्षक, कोल्हापूर

जुने पत्ते नव्यांना जोडले नसावेत, किंवा सगळे नव्या मुखपृष्ठावर वळवले असावेत. दुसरी चूक जास्त फसवी आहे: ‘दहावी गणित’चं पान उघडणारा मुखपृष्ठावर येऊन पडला, तर गुगल ते जुनं पान नाहीसं झालं असंच धरतं.

कन्सोलमध्ये 16 महिन्यांची आकडेवारी असते. जुन्या डोमेनच्या खात्यातून सर्वाधिक क्लिक मिळालेल्या पानांची यादी उतरवून घ्या. प्रत्येकासमोर त्याच विषयाचं नवं पान लिहा आणि 301 प्रकारचं, म्हणजे कायमचं वळण लावा. 302 हे तात्पुरतं असतं. ज्या पानाला जोडच नाही, ते 404, म्हणजे ‘पान सापडत नाही’ असं, राहू द्या, किंवा मजकूर चांगला असेल तर परत आणा. मग जुन्या डोमेनच्या खात्यातून ‘चेंज ऑफ ॲड्रेस’ भरा. जुन्या डोमेनवर ‘रोबोट्स’चा मज्जाव ठेवू नका, नाहीतर वळणंच वाचली जाणार नाहीत. वळणं किमान एक वर्ष ठेवा, आणि जुनं डोमेन त्यापुढेही स्वतःकडेच राहू द्या. मुदत संपून ते दुसऱ्या कुणी घेतलं, तर पालकांच्या वहीत लिहिलेला पत्ता भलत्याच साइटवर उघडेल.