तिशी उलटल्यावर एखाद्या क्रिकेटपटूची कसोटी कारकीर्द सुरू होऊ शकते का?

होऊ शकते, आणि ऑस्ट्रेलियाच्या मायकेल हसीची झालीही. नोव्हेंबर २००५ मध्ये ब्रिस्बेनला तो पहिली कसोटी खेळला तेव्हा तिशी ओलांडून बसला होता. तोवर प्रथम श्रेणीच्या, म्हणजे अनेक दिवस चालणाऱ्या सामन्यांत त्याच्या नावावर १५,३१३ धावा जमा होत्या. इंग्लंडमधल्या नॉर्दम्प्टनशायर या काउंटी संघाकडून तर २००१, २००२ आणि २००३ अशी सलग तीन वर्षं त्याने त्रिशतकं ठोकली. तरी बोलावणं येईना, कारण सलामीला हेडन आणि लँगर ठाण मांडून होते. शेवटी लँगरच्या बरगडीला दुखापत झाली, म्हणून हसीला जागा मिळाली. पहिल्या कसोटीत १ आणि २९. पुढच्याच कसोटीत होबार्टला १३७!

मी त्याचा भक्त झालो तो त्याच वर्षीच्या मेलबर्नच्या बॉक्सिंग डे कसोटीमुळे. दक्षिण आफ्रिकेविरुद्ध ९ बाद २४८ अशी अवस्था, आणि शेवटचा गडी म्हणून आला ग्लेन मॅकग्रा. हसीने स्ट्राइक राखत, मोकळ्या जागा हेरत शेवटच्या जोडीसाठी १०७ धावा जोडल्या. त्यात मॅकग्राच्या फक्त ११, नाबाद. तळाच्या फलंदाजाला सोबत घेऊन धावा काढण्याची ही समज माझ्या मते कसोटी संघाची वाट पाहत प्रथम श्रेणीत घालवलेल्या अकरा वर्षांतच मुरली. विशीत संघात आला असता तर ती इतकी पक्की असती, असं मला वाटत नाही.

२००८ च्या नोव्हेंबरात नागपूरला जामठ्याच्या मैदानावर मी त्याला प्रत्यक्ष पाहिलं. धोनीने ऑफ साइडला क्षेत्ररक्षकांची भिंत उभी केली होती. धावा नुसत्या आटल्या होत्या. हसी चिकाटीने खेळत ९० वर पोचला आणि मुरली विजयने त्याला धावबाद केलं. आपल्या फायद्याची विकेट, तरी मला चुटपुट लागली.

टी-ट्वेंटीतही तो मागे नव्हता. २०१० च्या विश्वचषक उपांत्य सामन्यात पाकिस्तानविरुद्ध शेवटच्या षटकात १८ हव्या होत्या. सईद अजमलच्या पहिल्या चेंडूवर जॉन्सनने एक धाव काढली, मग हसीने षटकार, षटकार, चौकार, षटकार मारून एक चेंडू राखून सामना संपवला.

७९ कसोटी, ६,२३५ धावा, १९ शतकं. घरच्यांना वेळ द्यायचा म्हणून जानेवारी २०१३ मध्ये श्रीलंकेविरुद्धच्या सिडनी कसोटीनंतर तो थांबला. ऑस्ट्रेलिया जिंकली तेव्हा तो २७ वर नाबाद, दुसऱ्या टोकाला उभा होता.