गोळ्या बंद केल्या आणि डोक्यात झटके

प्रश्न : वय ४१, सांगली. एसटीत बसलं की छाती धडधडायची, जीव घाबरा व्हायचा. त्यासाठी दीड वर्ष रोज पॅरोक्सेटिन २० मिलिग्रॅम घेत होते. बरं वाटलं म्हणून गौरी-गणपतीच्या धांदलीत गोळ्या आपल्या मनानेच बंद केल्या. तिसऱ्या दिवसापासून नजर वळवली की डोक्यात विजेचा झटका बसल्यासारखं होतं. गरगरतं, मळमळतं, भलतीसलती स्वप्नं पडतात, मुलांवर उगाच खेकसते. सासूबाई म्हणतात गोळ्यांचं व्यसन लागलंय, जाऊबाई म्हणतात आजार उलटला. खरं काय?

उत्तर : दोन्ही नव्हे, असंच तुमच्या पत्रावरून दिसतं. आजार उलटतो तेव्हा बहुधा काही आठवड्यांनी-महिन्यांनी, हळूहळू आणि जुन्याच तक्रारी घेऊन. तुमची एसटीतली धडधड परतलेली नाही. हे झटके नवे आहेत आणि तिसऱ्याच दिवशी आलेत. औषध एकदम थांबवल्याचा हा त्रास. पॅरोक्सेटिनचं रक्तातलं प्रमाण साधारण दिवसभरातच निम्म्यावर येतं. फ्लुओक्सेटिन हे त्याच जातीचं दुसरं औषध मात्र अंगात आठवडेच्या आठवडे रेंगाळतं, त्यामुळे ते सोडणाऱ्या कुणाला काहीच झालं नाही, तर त्यावरून स्वतःला जोखू नका. आणि व्यसन म्हणाल, तर व्यसनी माणूस पाकीट फडताळात टाकून मोदक वळत बसत नाही.

ज्यांनी गोळ्या लिहून दिल्या त्यांना आजच फोन करा. बहुतेकदा गोळी पुन्हा सुरू केली की काही दिवसांत आराम पडतो. मग ती आठवड्या-महिन्यांच्या अंतराने कमी करत आणायची. 'एक दिवसाआड घ्या' हा सल्ला सर्रास मिळतो. मला तो मुळीच पटत नाही, कारण पॅरोक्सेटिनचं प्रमाण त्यात रोज वरखाली होतं. २० वरून १० वर येणं त्या मानाने सोपं. १० वरून शून्यावर येणं जड जातं, कारण थोडंसं औषधही मेंदूत बराच परिणाम राखून असतं. म्हणून शेवटचे टप्पे आणखी लहान हवेत. पाकिटावर 'सीआर' लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी मात्र मोडू नका.

गरगरतंय तोवर स्कूटी नको. जीव नकोसा वाटला तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नका, लगेच जवळचं रुग्णालय गाठा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही आहे.

आणि डॉक्टर रागावतील म्हणून 'रोज घेते' असं सांगू नका. तसं सांगितलंत, तर आजार बळावला समजून ते डोस वाढवतील.