खोडावरची चिकट पट्टी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न : सीताफळाच्या खोडांना प्लॅस्टिक बांधून ग्रीस लावले. तरीही पिठ्या ढेकणाने (रस शोषणाऱ्या पांढऱ्या किडीने) फळे पांढरी झालीच. पट्टीचा उपयोग होत नाही का? (सासवड, जि. पुणे)

उत्तर : होतो, पण पट्टी अडवते ती मुंग्यांची आणि किडीच्या पिल्लांची फक्त खोडावरून चढायची वाट. सीताफळ बुंध्यापासूनच फुटते. चार खोडे असतील तर चारही खोडांना पट्टी हवी. शिवाय जमिनीला टेकलेली एखादी फांदी, वाढलेले गवत, भाराने वाकलेल्या फांदीला दिलेला बांबू, खोडाला खेटलेली ठिबकची नळी, यांतले काहीही मुंग्यांना चढायला पुरते. आधी या वाटा तोडा. खालच्या फांद्या जमिनीपासून हातभर वर छाटा आणि बांबू काढता येत नसेल तर त्यालाही ग्रीसची पट्टी बांधा.

दुसरी चूक बांधण्यात होते. सीताफळाची साल खडबडीत असते. वरून प्लॅस्टिक घट्ट दिसते, पण खाली भेगांतून पिल्लांना सरळ रस्ता मिळतो. म्हणून पट्टीच्या जागेवरची सुटी साल गोणपाटाने घासून काढा आणि भेगा चिकणमातीने लिंपा. मग जमिनीपासून साधारण एक फुटावर 15 ते 20 सेंमी रुंदीचे जाड प्लॅस्टिक गुंडाळून वरची आणि खालची अशा दोन्ही कडा सुतळीने आवळा. ग्रीसचा पातळ, सलग थर प्लॅस्टिकच्या मधोमध द्या. जाड थर उन्हात ओघळून सालीवर उतरतो.

मुंग्यांचे महत्त्व मात्र बरेच बागायतदार ओळखत नाहीत. पिठ्या ढेकूण गोड, चिकट द्रव सोडतो. त्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात, ही कीड खाणारे ढालकिडे आणि परजीवी माश्यांना हुसकावतात, पिल्ले या फांदीवरून त्या फांदीवर नेतात. त्याच द्रवावर काळी बुरशी वाढून फळाचा भाव जातो. मुंग्यांची ये-जा थांबली की मित्रकीटकांना काम करता येते. ते उडून येतात, त्यांना पट्टीची अडचण नाही. क्रिप्टोलीमस ढालकिडे एकरी 600 या प्रमाणात सोडणार असाल तर पट्ट्या आधी बांधा आणि त्या काळात रासायनिक फवारणी टाळा.

पट्टी बांधताना कीड आधीच वर असेल, तर पट्टीने ती मरणार नाही. सीताफळावर या किडीच्या वर्षात अनेक पिढ्या होतात. सालीच्या भेगांत राहिलेल्या थोड्या माद्याही पुरेशा होतात. छाटणीनंतर, फुटीच्या आधी पट्टी बांधा आणि किडलेल्या फांद्या व वाळकी फळे बागेबाहेर नेऊन जाळा. वरच्या किडीसाठी व्हर्टिसिलियम लेकॅनी ही कीड मारणारी बुरशी 5 ग्रॅम प्रति लिटर, हवेत ओलावा असताना, संध्याकाळी फवारा. कोरड्या उन्हात ही बुरशी टिकत नाही.

प्रश्न : आमची दशहरी आंब्याची बाग लखनौजवळ मलिहाबादला आहे. तिथे पट्टी कधी बांधावी? (पुणे)

उत्तर : डिसेंबरच्या मध्यापर्यंत बांधून व्हायलाच हवी. तिथल्या आंब्यावरचा पिठ्या ढेकूण वेगळ्या जातीचा आहे. त्याच्या माद्या एप्रिल-मेमध्ये खोडावरून उतरून मातीत अंडी घालतात. पिल्ले डिसेंबर-जानेवारीत बाहेर पडून झाडावर चढतात. वर्षाला पिढी एकच, आणि तिला चढावेच लागते. त्यामुळे तिथे पट्टीचा फायदा सीताफळापेक्षा कितीतरी जास्त. 25 ते 30 सेंमी रुंदीचे 400 गेज जाडीचे प्लॅस्टिक वापरा आणि खालच्या कडेला ग्रीस लावा. गुळगुळीत प्लॅस्टिकवर पिल्लांचे पाय टिकत नाहीत. ती पट्टीखाली गोळा होतात. तिथेच पुसून साबणाच्या पाण्यात टाका. उन्हाळ्यात अंडी उन्हाने मरावीत म्हणून झाडाखालची माती उकरून उलटी करा.

प्रश्न : पेरूच्या दोन वर्षांच्या झाडांना ग्रीस थेट सालीवर लावले. साल काळी पडली आहे. (श्रीरामपूर)

उत्तर : कोवळ्या सालीला ग्रीस सोसत नाही. बोथट लाकडी पट्टीने ते निपटून काढा, नंतर साबणाच्या कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने पुसा. रॉकेल वापरू नका, इजा वाढेल. साल ओली होऊन सुटत असेल तर तेवढाच भाग धारदार चाकूने काढून बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. पुढच्या वेळी प्लॅस्टिकवरच ग्रीस लावा. दर पंधरा दिवसांनी पट्टी पाहा: धूळ किंवा मेलेल्या मुंग्यांचा थर बसला की बाकीच्या मुंग्या त्यावरूनच चालत जातात, तेव्हा जुने ग्रीस खरवडून नवे द्या. कोवळे खोड लवकर जाड होते, म्हणून सुतळी महिन्यातून एकदा सैल करून पुन्हा बांधा, नाहीतर ती सालीत रुतते.