गैरव्यवहार, गैरवर्तन की व्यभिचार?

एका भाषांतरकाराचा प्रश्न असा आहे: अमेरिकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन आणि व्हाइट हाउसमधल्या प्रशिक्षणार्थी मोनिका लुइन्स्की यांच्या प्रकरणावरच्या एका इंग्रजी लेखाचे भाषांतर करताना 'प्रायव्हेट मिसकंडक्ट'साठी 'खाजगी गैरव्यवहार' असे लिहिले. तपासणाऱ्याने ते खोडून 'खाजगी गैरवर्तन' केले. यातले बरोबर कोणते? आणि सरळ 'व्यभिचार' किंवा 'चारित्र्यहीन नेता' असे लिहिले तर काय बिघडते?

'गैरव्यवहार' खोडला ते योग्यच झाले. या शब्दाला मराठीत पैसा चिकटलेला आहे. बँकेतला गैरव्यवहार, निविदेतला गैरव्यवहार, धान्य वाटपातला गैरव्यवहार असे म्हटले की पावत्या, हिशेब आणि अपहार डोळ्यांपुढे येतात. या प्रकरणात तर घोटाळा दुप्पट होतो, कारण स्वतंत्र तपास वकील केनेथ स्टार यांच्याकडे १९९४ मध्ये जी चौकशी आली ती मुळात आर्कान्सॉमधल्या व्हाइटवॉटर या जमीन व्यवहाराची होती. तिथे 'गैरव्यवहाराचा संशय' अगदी चपखल बसतो. तोच शब्द लुइन्स्की प्रकरणालाही लावला, तर चौकशी कुठून निघाली आणि कुठे पोचली हे वाचकाला कळायचेच नाही.

पण 'गैरवर्तन'ही इथे नीट बसत नाही. हा शब्द बहुतेक वेळा समोर कोणीतरी मागतो: महिलेशी गैरवर्तन, डॉक्टरांशी गैरवर्तन, वाहतूक पोलिसाशी गैरवर्तन. म्हणजे समोरच्याला नको असलेले, त्याला सोसावे लागलेले वागणे. याच कथेतल्या पॉला जोन्स यांच्या फिर्यादीला तो बरोबर लागू पडतो. १९९१ मध्ये लिटल रॉकच्या एका हॉटेलात गव्हर्नर क्लिंटन यांनी आपल्याशी गैरवर्तन केले, असा त्यांचा आरोप होता आणि १९९४ मध्ये त्यांनी दावा लावला. लुइन्स्की मात्र हे संबंध परस्परसंमतीचे होते असेच सांगत आल्या. 'लुइन्स्कीशी गैरवर्तन' असे लिहिले की लुइन्स्की यांनी न केलेला आरोप छापला जातो. संबंध सुरू झाले तेव्हा त्या २२ वर्षांच्या प्रशिक्षणार्थी होत्या आणि ते ४९ वर्षांचे राष्ट्राध्यक्ष. या अंतरावर बोट ठेवायचे असेल तर मराठीत त्यासाठी खास शब्द आहे: 'गैरफायदा घेणे'. संमती असली तरी गैरफायदा असू शकतो, आणि हा शब्द ते दोन्ही एकत्र धरतो.

'गैरवर्तणूक' हा तिसरा भाऊ. तो कचेरीतला. 'महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९' यांसारखी नियमावली ज्याला लागू आहे, त्याच्याविरुद्ध गैरवर्तणुकीचा ठपका येतो, खातेनिहाय चौकशी होते, शिक्षा ठरते. निवडून आलेल्या नेत्याच्या घरगुती वागण्याला अशी नियमावली नसते. म्हणून तिथे हा शब्द वापरला की कुठला तरी नियम मोडला आहे असा भास उगाच निर्माण होतो.

नुसती माहिती द्यायची असेल तर 'विवाहबाह्य संबंध' लिहावे. 'अनैतिक संबंध' हा पोलिसांच्या पत्रकांतून बातम्यांत रुळलेला शब्द आहे, पण त्यात निवाडा आधीच देऊन टाकलेला असतो. लेखकालाच निवाडा द्यायचा असेल तर त्याने तो अवश्य द्यावा, फक्त स्वतःच्या वाक्यात, 'हे अनैतिक होते' असे ठामपणे म्हणून. वस्तुस्थिती सांगणाऱ्या नामात तो दडवू नये.

'व्यभिचार' या शब्दावर थोडे थांबायला हवे. मूळ संस्कृतात वि + अभि + चर्, म्हणजे वाट सोडून भरकटणे. म्हणूनच 'न्याय' या प्राचीन तर्कदर्शनात 'व्यभिचारी हेतू' असतो आणि रसचर्चेत 'व्यभिचारी भाव'. तिथे लैंगिक अर्थाचा मागमूसही नाही. कायद्याच्या मराठीत मात्र तो भारतीय दंडसंहितेच्या कलम ४९७ शी बांधला गेला. त्या कलमातली व्याख्या चमत्कारिक होती: परक्याच्या पत्नीशी, त्या नवऱ्याच्या संमतीशिवाय संबंध ठेवणारा पुरुष दोषी, शिक्षा पाच वर्षांपर्यंत, आणि ती स्त्री गुन्हेगार नव्हे. विवाहित पुरुषाने अविवाहित स्त्रीशी संबंध ठेवले तर या कलमाखाली गुन्हाच होत नव्हता. २७ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले. व्यभिचार आजही हिंदू विवाह कायद्याखाली घटस्फोटाचे कारण आहे, पण गुन्हा नाही. त्यामुळे आजच्या नेत्याबद्दल 'व्यभिचाराचा गुन्हा' लिहिणे सरळ चूक आहे. 'व्यभिचार' एवढेच लिहिले तर चूक नाही, पण त्या शब्दाचा आवाज किर्तनातला आहे हे ध्यानात ठेवावे.

आता क्रियापदांकडे वळतो, कारण मराठीत दोषाची खरी वाटणी नामापेक्षा क्रियापद करते. 'संबंध आला', 'संबंध जडले', 'संबंध होते', 'संबंध ठेवले' ही चार वाक्ये शेजारी ठेवून पाहा. पहिल्यात कोणी काहीच केलेले नाही, पाऊस यावा तसा तो आला. दुसऱ्यात मनाची हळवी बाजू पुढे होते. तिसरे कोरडी नोंद आहे. चौथ्यात कर्ता आहे आणि त्याने ते जाणूनबुजून केले आहे. 'चूक झाली' आणि 'चूक केली' यांतही हेच अंतर. कर्ता बाजूला सारायची मराठीची सोय राजकीय निवेदनांना फार मानवते: 'माझ्याकडून चूक झाली' यात 'माझ्याकडून' म्हणताना आपण जणू वाटेतला एक थांबा होतो. १७ ऑगस्ट १९९८ च्या रात्री दूरचित्रवाणीवर क्लिंटन यांनी कबुली दिली, तेव्हा आधी हे संबंध 'उचित नव्हते' असे म्हटले आणि लगेच पुढच्या वाक्यात 'ते चूक होते' असे म्हटले. भाषांतरात या दोन पायऱ्या वेगळ्या राहायला हव्यात. दोन्हींना 'चुकीचे' करून टाकले तर पहिल्या मऊ शब्दावरून दुसऱ्या कडक शब्दावर येण्याची ती हालचालच नाहीशी होते.

याच प्रकरणात 'आहे' आणि 'नव्हता' यांचा एक फार नाजूक प्रसंग आहे. जानेवारी १९९८ मध्ये जोन्स दाव्यातल्या जबानीच्या वेळी क्लिंटन यांच्या वकिलाने त्यांच्यादेखत सांगितले की या दोघांत कोणत्याही प्रकारचा लैंगिक संबंध 'नाही'. पुढे ग्रँड ज्युरीपुढे, म्हणजे आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळापुढे, याबद्दल विचारल्यावर क्लिंटन यांचे उत्तर असे होते की सगळे वकिलाच्या इंग्रजी वाक्यातल्या 'इज' (आहे) या शब्दाचा अर्थ काय धरता यावर अवलंबून आहे: 'आता नाही आणि कधीच नव्हता' असा धरला तर ती वेगळी गोष्ट, 'सध्या नाही' असा धरला तर ते विधान पूर्ण खरे होते. मराठीत 'संबंध नाही', 'संबंध नव्हता', 'संबंध आलेला नाही' अशी तीन वाक्ये उपलब्ध आहेत. सराईत भाषांतरकार ओघात वकिलाच्या तोंडी 'नव्हता' घालून जातो, आणि मग पुढचे सगळे उत्तर निरर्थक वाटते. इथे 'नाही'च हवे. तसेच 'लैंगिक संबंध' हा शब्द सगळीकडे तोच ठेवावा, मध्येच 'शरीरसंबंध' करू नये. जोन्स यांच्या वकिलांनी जबानीसाठी जी लेखी व्याख्या पुढे केली होती ती संभोगापेक्षा व्यापक होती, आणि क्लिंटन यांचा सगळा बचाव त्या व्याख्येच्या फटीतून चालला होता. मराठीत 'शरीरसंबंध' म्हटले की संभोगच कळतो. मग फट बुजते आणि बचावही कळत नाही.

'चारित्र्य' या शब्दाचे हाल मला खरोखर लागतात. मराठीत 'चरित्र' म्हणजे जीवनकथा आणि 'चारित्र्य' म्हणजे माणसाचा नैतिक पिंड. हिंदीत या दुसऱ्या अर्थानेही 'चरित्र' चालते, म्हणून आपल्याकडे 'चरित्रहीन' डोकावतो. मराठीत लिहायचेच तर 'चारित्र्यहीन' लिहावे. पण त्याहून मोठी अडचण अर्थ आकसल्याची आहे. 'चारित्र्य पडताळणी'त पोलीस गुन्ह्यांची नोंद पाहतात. 'चारित्र्यवान नेता' म्हणताना आपल्या मनात बहुधा पैशाला हात न लावणारा माणूस असतो. आणि 'चारित्र्याच्या संशयावरून पत्नीचा खून' या रोज छापल्या जाणाऱ्या ओळीत चारित्र्य म्हणजे फक्त बाईची लैंगिक निष्ठा. एकाच शब्दाला तीन मापे. नेत्याला 'चारित्र्यहीन' म्हटले की वाचक यातले कुठलेही माप उचलतो. शिवाय विशेषण एका कृत्यावरून सगळ्या माणसावर शिक्का मारते. कृत्याबद्दल बोलायचे असेल तर कृत्याचेच नाव घ्यावे. दुसऱ्या टोकाला 'चारित्र्यहनन' आहे. या शब्दात आरोप खोटा किंवा दुष्ट हेतूचा असल्याचे गृहीत आहे. 'चौकशीला चारित्र्यहनन म्हटले' असे लिहिताना ते नेत्याचे म्हणणे आहे हे वाक्यात दिसलेच पाहिजे.

या बाबतीत आपला जुना शब्दसाठा समान नव्हता. पुरुषासाठी 'बाहेरख्याली', 'रंगेल', 'छंदीफंदी', आणि बड्या घरातल्या ठेवलेल्या बाईला तर 'अंगवस्त्र', म्हणजे ती माणूसही नव्हे, मिरवायचे उपरणे. स्त्रीसाठी मात्र 'चवचाल' आणि त्याहून कडवट शब्द, ज्यांत कौतुकाचा लवलेशही नाही. 'वाकडे पाऊल' पडते तेही बहुतेक तिचेच. म्हणून नेत्याला 'रंगेल' म्हणणे ही टीका नाही, ती पाठीवर थाप आहे. प्रकरणाला नाव देतानाही तेच होते: जग त्याला लुइन्स्कीचे नाव देते, मराठीत तर ते सरळ 'मोनिका प्रकरण' होते. पदावर बसलेल्या माणसाचे आडनाव बाजूला राहते आणि बावीस वर्षांच्या मुलीचे पहिले नाव मथळ्यात येते. 'क्लिंटन प्रकरण' लिहायला काहीच अडचण नाही.

'खाजगी' आणि 'खासगी' दोन्ही रूढ आहेत, मूळ अरबी 'खास'. होळकरांच्या राज्यात 'खासगी' आणि 'दौलत' असे दोन वेगळे हिशेब असत: एक राजघराण्याचा स्वतःचा, दुसरा राज्याचा. म्हणजे खासगी-सार्वजनिक ही रेषा आपल्याकडे पैशात फार पूर्वी आखली गेली होती. वागण्यातली रेषा अजून ठरते आहे. यात 'वैयक्तिक' आणि 'खाजगी' यांची गल्लत करू नये. वैयक्तिक म्हणजे त्या व्यक्तीचे, खाजगी म्हणजे इतरांना ज्यात प्रवेश नाही असे. नेत्याने कार्यालयातल्या प्रशिक्षणार्थीशी ठेवलेले संबंध वैयक्तिक निश्चितच, पण ते खाजगी उरतात का, हाच तर वाद असतो. 'खाजगी गैरवर्तन' म्हणताना तो वाद एका विशेषणात मिटवला जातो.

अब्रुनुकसानीच्या कायद्याने ही रेषा बऱ्यापैकी नेमकी आखली आहे. जुने कलम ४९९, आता भारतीय न्याय संहितेचे कलम ३५६. पहिला अपवाद म्हणतो की विधान खरे असणे पुरेसे नाही, ते लोकहितासाठी सांगणे आवश्यक असले पाहिजे. दुसरा अपवाद लोकसेवकाच्या सार्वजनिक कामातल्या वागण्याबद्दल सद्भावनेने मत देऊ देतो, आणि त्याच्या चारित्र्याबद्दलही, पण त्या वागण्यातून ते जेवढे दिसते तेवढेच, त्यापुढे नाही. नेत्यांवर लिहिणाऱ्याने हे 'तेवढेच' पाठ करून ठेवावे.

आता निवाड्याचे शब्द. 'महाभियोग' म्हणजे आरोप ठेवणे, पदावरून काढणे नव्हे. १९ डिसेंबर १९९८ रोजी अमेरिकी संसदेच्या कनिष्ठ सभागृहाने, म्हणजे प्रतिनिधीगृहाने, आरोपांच्या चारपैकी दोन कलमे मंजूर केली: ग्रँड ज्युरीपुढे खोटी साक्ष (२२८ विरुद्ध २०६) आणि न्यायदानात अडथळा (२२१ विरुद्ध २१२). विवाहबाह्य संबंध हे चारपैकी एकाही कलमात आरोप म्हणून नव्हते. १२ फेब्रुवारी १९९९ ला वरिष्ठ सभागृहात, म्हणजे सिनेटमध्ये, दोषी ठरवायला ६७ मते लागत होती, पडली पहिल्या कलमावर ४५ आणि दुसऱ्यावर ५०. म्हणून 'व्यभिचाराबद्दल महाभियोग' आणि 'महाभियोग फेटाळला' ही दोन्ही वाक्ये चुकीची. 'महाभियोग मंजूर झाला, सिनेटने दोषी ठरवले नाही' असे लिहावे. लोकांनीही ही दोन खाती वेगळी ठेवली होती: महाभियोगाच्या त्याच आठवड्यात गॅलप या संस्थेच्या जनमत पाहणीत क्लिंटन यांच्या कारभाराला ७३ टक्के लोकांची पसंती होती. पद काढून न घेता नुसता निषेध नोंदवावा, असा ठरावही काहींनी पुढे केला होता. 'सेन्शर'साठी 'निंदाव्यंजक ठराव' हा अवजड शब्द भाषांतरांत दिसतो. आपल्या सेवा नियमांत याच शिक्षेला 'ठपका ठेवणे' म्हणतात, आणि 'ठपक्याचा ठराव' हे कोणालाही लगेच कळते.

आणखी एक जोडशब्द टाळावा: 'नैतिक जबाबदारी'. १९५६ मध्ये अरियालूरच्या रेल्वे अपघातानंतर लालबहादूर शास्त्रींनी राजीनामा दिला, तेव्हा गाडी त्यांनी चालवली नव्हती. दुसऱ्याच्या हातून घडलेल्याची जबाबदारी घेणे म्हणजे नैतिक जबाबदारी. स्वतःच्या कृत्यासाठी पद सोडणाऱ्याने 'नैतिक जबाबदारी स्वीकारून' म्हटले, की ते कृत्य दुसऱ्याच कोणाचे असल्यासारखे वाटते. जॉन प्रोफ्युमो यांनी जून १९६३ मध्ये ब्रिटिश मंत्रिपद सोडले ते आपल्या विवाहबाह्य संबंधांबद्दल पार्लमेंटला खोटे सांगितले म्हणून. आपल्या विधिमंडळाच्या भाषेत याला 'सभागृहाची दिशाभूल' म्हणतात, आणि तो हक्कभंगाचा विषय होतो.

तुमच्या वाक्यातला आशय 'अध्यक्षांचे खाजगी गैरवर्तन हा महाभियोगाचा विषय असावा का' असा आहे. ते मी असे लिहीन: 'अध्यक्षांनी विवाहबाह्य संबंध ठेवले आणि त्याबद्दल शपथेवर खोटे सांगितले. यांपैकी कशासाठी त्यांच्यावर महाभियोग लावावा?'