‘सहकार करावा, अन्यथा मूलभूत हक्क गोठवण्यात येतील’

एका परिचितांनी त्यांच्या गृहनिर्माण संस्थेच्या फलकावरची सूचना दाखवली: ‘देखभाल शुल्क थकवणाऱ्या सभासदांनी सहकार करावा, अन्यथा त्यांचे मूलभूत हक्क गोठवण्यात येतील.’ येथे ‘सहकार’ हवे की ‘सहकार्य’, आणि सभासदाच्या हक्कांना ‘मूलभूत’ म्हणता येते का, असे त्यांनी विचारले आहे.

येथे ‘सहकार्य’ हवे. दुसऱ्याच्या कामाला लावलेला हातभार म्हणजे सहकार्य; काम, मालकी आणि जोखीम सर्वांची सारखी असते, तो सहकार. म्हणूनच खाते ‘सहकार’ असते आणि आभार मात्र ‘सहकार्याबद्दल’ मानले जातात. 1920 च्या आंदोलनाने ‘असहकार’ मराठीत घट्ट रुजवला असल्यामुळे ‘सहकार करणे’ अगदीच अशुद्ध ठरवता येणार नाही, पण आजच्या कानाला ते खटकते. (संस्कृत काव्यात ‘सहकार’ म्हणजे सुगंधी आंब्याचे झाड, थकबाकीदाराला तेवढा गोडवा अभिप्रेत नसावा.)

दुसऱ्या प्रश्नात शब्दाइतकाच कायद्याचाही भाग आहे. ‘मूलभूत हक्क’ म्हणजे नुसते ‘महत्त्वाचे हक्क’ नव्हेत; संविधानाच्या तिसऱ्या भागातील हक्कांसाठी ही संज्ञा ठरून गेली आहे. 15 फेब्रुवारी 2012 पासून अमलात आलेल्या 97 व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद 19 मधील संघ बनवण्याच्या स्वातंत्र्याला ‘सहकारी संस्था’ हे शब्द जोडले, आणि 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच दुरुस्तीतील भाग 9-ख (सहकारी संस्थांविषयीच्या तरतुदी) राज्यांतर्गत संस्थांपुरता रद्द ठरवला तरी हे शब्द कायम राहिले. त्यामुळे एकत्र येऊन सहकारी संस्था स्थापन करणे हा मूलभूत हक्क आहे, असे निःशंकपणे लिहावे. मात्र संस्थेत शिरल्यावर मिळणारे हक्क, म्हणजे सभेची सूचना मिळणे, दप्तर पाहणे, भाग (शेअर) कितीही असले तरी एकच मत देणे, हे महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 आणि संस्थेचे उपविधी (बोलीत ‘पोटनियम’) यांतून येतात. दमन सिंग विरुद्ध पंजाब राज्य या 1985 च्या निवाड्यात तर सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, सभासद झालेली व्यक्ती संस्थेच्या संदर्भात आपले वेगळेपण गमावते आणि कायद्याने व उपविधींनी दिलेले हक्कच तिच्यापाशी उरतात. एकोप्याची ही किंमत मला थोडी जड वाटते. तरीही या हक्कांना ‘सभासदत्वाचे हक्क’ किंवा ‘वैधानिक हक्क’ म्हणणेच नेमके ठरेल.

राहिले ‘गोठवणे’. गोठवतात ते बँकेतले खाते. थकबाकीदाराला समितीवर निवडून येता येत नाही, त्याला कायद्यात ‘अपात्रता’ हा साधा शब्द आहे. एकूण सूचना अशी लिहावी: ‘थकबाकीदार सभासदांनी देखभाल शुल्क त्वरित भरून सहकार्य करावे, अन्यथा अधिनियम व उपविधींनुसार वसुलीची कारवाई करण्यात येईल.’