छंदाचा प्रश्न शेवटी नको

प्रिय,

प्राध्यापकांच्या मुलाखतींच्या पॉडकास्टसाठी केलेली तुझी प्रश्नावली वाचली. चोवीस प्रश्न, आणि चोविसावा असा: 'सर, जाता जाता तुमच्या छंदांविषयी सांगाल का?' तो आधी खोडून टाक. पन्नासाव्या मिनिटाला प्राध्यापकांची नजर घड्याळावर गेलेली असते, त्यांचा पुढचा तास असतो, आणि उत्तर येतं, 'वाचन, संगीत, कधीमधी ट्रेकिंग.' लग्नाच्या बायोडेटातही एवढंच लिहिलेलं असतं.

हौस पहिल्या दहा मिनिटांत आण, पण 'छंद' हा शब्द न वापरता. दामोदर धर्मानंद कोसंबी गणिताचे प्राध्यापक होते आणि जुनी आहत (ठसे मारून घडवलेली) नाणी तराजूत तोलायचे. वरवर पाहता ही नाण्यांची हौस. पण नाणं हातोहात फिरलं की झिजतं, झीज वजनात उतरते, आणि पुरेशी वजनं जमली की कोणती नाणी जास्त काळ चलनात होती ते संख्याशास्त्राने ताडता येतं. अशा माणसाला 'नाणी का आवडतात?' विचारून काही हाती लागत नाही. 'तराजू किती बारीक लागतो? नाण्यावरचा मळ वजनात धरायचा का?' असं विचारलं की हौस आणि विषय एकाच उत्तरात येतात. जयंत नारळीकरांनी आपली विज्ञानकथा स्पर्धेला पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. मुलाखतीचं दार अशा बारक्या गोष्टीत असतं. तेव्हा 'कसं करता' आधी, 'का करता' मागाहून.

हे बारकावे सापडतात कुठे? पाहुण्यांचे सगळे शोधनिबंध वाचत बसू नकोस, तेवढा वेळ नाही. एक निबंध घे, त्याची प्रस्तावना आणि शेवटची चर्चा वाच. मग शोधगंगेवर, म्हणजे विद्यापीठांच्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर जाऊन त्यांच्या मार्गदर्शनाखाली झालेले पीएच.डी.चे दोन-तीन प्रबंध उघड आणि फक्त ऋणनिर्देश वाच. सर पहाटे पाचला फोन करतात, मॅडम प्रयोगशाळेत गाणं लावतात, हे विद्यार्थी तिथे लिहून ठेवतात.

रेकॉर्डिंगच्या चार-पाच दिवस आधी वीस मिनिटांचा फोन कर. या फोनवर रंगात येऊ द्यायचं नाही. त्यांनी एखादी गोष्ट सुरू केली तर अर्ध्यावर 'ही माइकसमोर ऐकू या' म्हण. एकदा सांगून झालेली गोष्ट दुसऱ्यांदा सांगताना माणूस ती आटोपशीर करतो, आणि सगळा रस त्या आटोपण्यात जातो. लेखी प्रश्न मागितले तर तीन विषय कळव, प्रश्न पाठवू नकोस. प्रश्न पाठवलेस तर उत्तरं टाइप होऊन येतील आणि वाचून दाखवली जातील. काय विचारणार नाहीस ते मात्र स्पष्ट सांग: अप्रकाशित संशोधन, विद्यार्थ्यांची नावं, विभागातलं राजकारण.

आता जागा. प्राध्यापकांच्या केबिनमध्ये रेकॉर्ड करणार असशील तर ती आधी पाहून ये आणि मधोमध उभी राहून एक टाळी वाजव. टाळीमागे झणझण आली तर उघड्या भिंती आणि लोखंडी कपाट बोलतायत. पडदे ओढ, दोन गोधड्या आण, एक कपाटावर टाक आणि एक पाहुण्यांच्या पाठीमागे टांग. माइक जिकडे तोंड करून असतो तिकडून येणारा आवाज आधी अडवायचा. टेबलावर काच असेल तर जाड टॉवेल पसर, नाहीतर पेन ठेवल्याचाही ठोका येतो. पंखा आणि एसी बंद, शक्य असेल तर ट्यूबलाइटही. तासाची घंटा कधी होते ते शिपायांना विचार, त्यांच्याइतकं वेळापत्रक कुणालाच पाठ नसतं. लॅपटॉपवर रेकॉर्ड करणार असशील तर चार्जर काढून बॅटरीवर चालव. अर्थिंग खराब असलं की पन्नास हर्ट्झची गुणगुण प्रत्येक वाक्याखाली राहते.

माइक डायनॅमिक घे, म्हणजे जवळचाच आवाज पकडणारा, दोघांना दोन. कंडेन्सर हा जास्त संवेदनशील माइक महाग आणि गोड असतो, पण तो रस्त्यावरची रिक्षाही तितक्याच प्रेमाने टिपतो. तोंडापासून अंतर एक मूठ, आणि माइक ओठांसमोर न धरता गालाच्या बाजूने थोडा तिरपा, म्हणजे 'प' आणि 'फ'ची फुंकर थेट आत जात नाही. प्राध्यापकांना फळ्याकडे वळून बोलायची सवय असते. स्क्रीनकडे किंवा पुस्तकाच्या कपाटाकडे मान फिरली की आवाज निम्मा होतो. म्हणून ते ज्या वस्तूंबद्दल बोलणार आहेत त्या आधीच माइकच्या पलीकडे, समोर मांड. कॉलर माइक लावायची वेळ आलीच तर पदर, ओढणी आणि मंगळसूत्र यांपासून जपून लाव. मण्यांची टकटक नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने जात नाही.

रेकॉर्डिंगची सेटिंग अशी ठेव: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह (न दाबलेली) फाइल, प्रत्येकाचा वेगळा ट्रॅक. तासाला दोन्ही ट्रॅक मिळून साधारण १ जीबी होतं. पातळी अशी ठेव की मोठ्याने हसल्यावरही काटा मायनस सहा डेसिबलच्या वर जाणार नाही, साधं बोलणं मायनस बाराच्या आसपास. पातळी लावायला 'हॅलो, चेक' म्हणायला सांगू नकोस. 'सकाळी काय खाल्लंत?' विचार, माणूस खऱ्या आवाजात बोलतो. सुरुवातीला अर्धा मिनिट सगळ्यांनी गप्प बसायचं. खोलीची ती शांतता पुढे कापलेल्या जागांवर ठिगळ म्हणून लागते.

बोलताना सगळ्यांत मोठा धोका व्याख्यानाचा. तीस वर्षं पन्नास मिनिटांचा तास घेतलेला माणूस 'याचे तीन पैलू आहेत' म्हणून सुरू करतो. पहिला पैलू संपला की लगेच शिर: 'सर, इथेच थांबू या. हे प्रत्यक्ष करताना हाताखाली काय असतं?' दुसऱ्या पैलूपर्यंत थांबलीस तर तिसरा ऐकावाच लागेल. 'हो हो', 'अगदी अगदी' तोंडाने म्हणू नकोस, मान हलव. तुझा हुंकार त्यांच्या माइकमध्येही शिरतो आणि कापता येत नाही. एका दमात दोन प्रश्न विचारू नकोस, लोक सोप्या प्रश्नाचं उत्तर देतात. आणि उत्तर संपल्यावर मनात तीन मोज. त्या तीन आकड्यांत बऱ्याचदा खरं उत्तर येतं.

भाषेचं फार अवडंबर नको. इंग्रजी संज्ञा आली तर येऊ दे, त्यांना अडखळत प्रतिशब्द शोधायला लावू नकोस. फक्त विचार, 'हे घरी आजीला कसं सांगाल?' सांगता सांगता मराठी आपोआप येते.

पाहुणे स्वतः पेटीवर बसून एखादी पारंपरिक बंदिश गायले तर प्रश्न नाही. पण आवडती ध्वनिमुद्रिका लावून दाखवतो म्हणाले तर सावध हो. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरची साठ वर्षं राहतो, आणि तो संपला तरी गीतकार-संगीतकारांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर साठ वर्षं वेगळा असतोच.

सत्तर मिनिटांच्या रेकॉर्डिंगमधून चाळीस मिनिटं ठेव. आधी कागदावर: सगळं उतरवून घे, मग पेन्सिलीने काट. ऐकत ऐकत कापायला बसलीस तर गोड आवाज वाचतो आणि चांगला मुद्दा जातो. अडखळणं सगळं काढू नकोस, शब्द शोधताना थांबलेला माणूस विचार करत असतो. ऐंशी हर्ट्झखालची घरघर फिल्टरने उडव. शेवटची फाइल मोनो (एकाच ध्वनिमार्गाची), ९६ केबीपीएस एमपीथ्री; चाळीस मिनिटांना साधारण २९ एमबी होतात. मोनोसाठी लाउडनेस मायनस १९ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) ठेव. स्टीरिओचा मायनस १६चा आकडा मोनोला लावलास तर तुझा भाग इतरांपेक्षा मोठ्याने वाजेल.

प्रकाशित करण्याआधी पाहुण्यांना ऑडिओ पाठवू नकोस, उतरवलेला मजकूर पाठव, दोन दिवसांच्या मुदतीने. स्वतःचा आवाज ऐकला की प्रत्येकाला सगळं पुन्हा बोलावंसं वाटतं. चुकीचं नाव, सन, आकडा दुरुस्त होईल, नको ते वाक्य निघेल, पण नव्याने रेकॉर्डिंग होणार नाही, हे संमतिपत्रात पहिल्याच ओळीत लिही आणि माइक सुरू करण्याआधी सही घे. विद्यापीठाचं बोधचिन्ह वापरायचं असेल तर त्याची परवानगी वेगळी, कुलसचिव कार्यालयाकडून. अर्ज आजच कर, त्या कागदाला वेळ लागतो.

पहिल्या भागाची न कापलेली दहा मिनिटं मला पाठव. तुझे प्रश्न किती लांब आहेत ते मोजून सांगते.

तुझी,
ताई